हवानाची पेटी

आमच्या घरांत धूम्रपान कधीं कोणीं केलें नाहीं. पण सिगारची एक रिकामी पेटी मात्र तीन पिढ्या नांदत आली आहे. ती आजोबांच्या हातीं कशी आली हें सांगणारें माणूस आतां उरलें नाहीं. प्रथम तींत टांक आणि निबें असत. पुढें आईचे सुईदोरे आले. सध्यां तींत जुनीं पत्रें आहेत. झांकणावरचा रंगीत कागद झिजून गेला असून त्यावरचा एक राजमुकुट तेवढा ओळखूं येतो. तरीहि पेटी उघडली कीं एक गोडसर, किंचित् मिऱ्यांसारखा वास नाकाला लागतोच. लहानपणीं मला तो तंबाखूचा वाटे व कांहीं तरी चोरून हुंगल्याची गंमत येई. पुढें कळलें कीं हा वास तंबाखूचा नव्हे, लांकडाचा. त्या लांकडाला इंग्रजींत ‘सीडर’ म्हणतात असें वाचलें, तेव्हां तें आपल्या हिमालयांतील देवदाराचें असलें पाहिजे असें ठरवून मी मोकळा झालों. तेंहि खरें नव्हतें. एका क्षुल्लक पेटीनें माणसाला दोनदां फसवावें, आणि ती फसगत आपल्या एकट्याची नसून बऱ्याच जगाची आहे असें आढळून यावें, यामुळें त्या पेटीचा इतिहास शोधण्याची बुद्धि मला झाली.

खरा सीडर लेबाननच्या डोंगरावरचा. आपला देवदार हा त्याचा भाऊबंद, दोघेहि सूचिपर्णी. हवानाची पेटी ज्या झाडापासून होते तें निराळेंच आहे. मध्य अमेरिका, वेस्ट इंडीजचीं बेटें आणि दक्षिण अमेरिकेचा बराच भाग हें त्याचें मूळस्थान. त्याचीं पानें निंबाच्या पानांप्रमाणें एका देंठावर दुतर्फा लागलेलीं असतात व कोरड्या ऋतूंत गळून पडतात. लांकूड तांबूस, हलकें, सहज चिरलें जाणारें, आणि सुवासिक. स्पॅनिश वसाहतवाल्यांनीं त्याला ‘सेद्रो’ म्हटलें. १७५६ सालीं पॅट्रिक ब्राऊन नांवाच्या आयरिश वैद्यानें जमेका बेटाचें सृष्टिवर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत त्यानें या झाडाच्या कुलास ‘सीड्रेला’, म्हणजे ‘धाकटा सीडर’, असें नांव दिलें. आणि तीन वर्षांनीं लिनीअसनें त्याला ‘ओडोराटा’, म्हणजे सुगंधी, हें विशेषण जोडून शास्त्रांत कायम केलें. इंग्रज व्यापारी त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. वस्तुतः तें स्पेनचेंहि नाहीं आणि सीडरहि नाहीं.

तें ज्या घराण्यांतलें आहे त्याच घराण्यांत महोगनी मोडते, आणि आपला कडुनिंबहि मोडतो. हें वाचून मला मोठा आनंद झाला. कणगींत धान्य भरतांना वाळलेला निंबाचा पाला मधून मधून पसरावा, पोथ्यांच्या रुमालांत दोन डहाळ्या ठेवाव्या, ही रीत आपल्याकडे कोणास शिकवावी लागत नाहीं. ज्या हेतूनें आमची आजी तांदळाच्या पिंपांत पाला घाली, त्याच हेतूनें हवानाच्या कारखानदारानें आपला माल निंबाच्या चुलत भावाच्या स्वाधीन केला, असें म्हणावयास प्रथमदर्शनीं हरकत दिसत नाहीं. मात्र हेतु एक असला म्हणजे फळ एक असतेंच असें नाहीं. तो प्रश्न पुढें येईल.

तंबाखूची कथा बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून ती लांबवीत नाहीं. १४९२ च्या नोव्हेंबरांत कोलंबसानें क्यूबाच्या अंतर्भागांत पाठविलेल्या लुईस द तोरेस व रोद्रिगो द हेरेस या दोघांना तेथील लोक पानांची गुंडाळी पेटवून तिचा धूर ओढतांना दिसले. त्यानंतर सुमारें एका शतकाच्या अवधींत तें पान आपल्या दक्षिणेंत येऊन पोंचलें. अकबराचा वकील असद बेग याला तें विजापुरास आढळलें, व सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभीं त्यानें तें उत्तरेस नेऊन बादशहापुढें ठेविलें. दरबारच्या हकीमांनीं विरोध केला. पण पान राहिलें तें राहिलेंच. आपल्याकडे तें हुक्क्यांत, चंचींत आणि पुढें विडींत शिरलें. हुक्क्याच्या तंबाखूस गूळ लागतो, विडीस दोरा लागतो. सुगंधी पेटी कोणासच लागली नाहीं. ती लागली तें पान अखंड गुंडाळून ओढण्याची व तीं गुंडाळलेलीं पानें समुद्रापार विकण्याची जेथें चाल पडली तेथें, म्हणजे क्यूबांत.

आणि तेथेंहि ती एकदम आली नाहीं. क्यूबांतलें झाड आणि क्यूबांतलें पान हीं शतकानुशतकें शेजारीं शेजारीं वाढलीं, पण एकमेकांच्या उपयोगीं पडलीं नाहींत. हवानाच्या गोदींत त्या ‘सेद्रो’चीं जहाजें होत, १७६९ सालीं तेथें पाण्यांत सोडलेलें आणि १८०५ सालीं ट्रफॅल्गारच्या लढाईंत पाडाव झालेलें ‘सांतिसिमा त्रिनिदाद’ हें अजस्र लढाऊ गलबत क्यूबाच्याच लांकडांचें बांधलेलें होतें. पान मात्र राजाच्या खजिन्याचें. तें स्पेनांत सेव्हिल येथील सरकारी कारखान्यांत जाई. अठराव्या शतकांत त्यासाठीं राजवाड्याला शोभेल अशी इमारत उठविण्यांत आली, जींत आज तेथील विद्यापीठ भरतें. मेरीमेनें १८४५ सालीं आपली कार्मेन याच कारखान्यांत कामाला लावली. १७१७ सालीं स्पेनच्या सरकारनें क्यूबाच्या तंबाखूचा सगळा मक्ता आपल्या हातीं घेतला. तेव्हां तेथील शेतकऱ्यांनीं सहा वर्षांत तीनदां बंड केलें, आणि १७२३ सालीं त्यांपैकीं कित्येकांना फांशीं देऊन प्रेतें रस्त्याच्या कडेला टांगण्यांत आलीं. हा मक्ता १८१७ सालीं उठला. मग हवानांत सिगारचे खाजगी कारखाने निघाले, जगभर माल जाऊं लागला, आणि मालाबरोबर चोरी, भेसळ व नक्कल हींहि जाऊं लागलीं.

पेटीचा जन्म या परिस्थितींत झाला. आरंभीं सिगार जुड्या बांधून, किंवा मोठाल्या पेटाऱ्यांत हजारोंनीं भरून पाठवीत. त्यांतली एक सिगार कोणाच्या हातची हें गिऱ्हाइकास कळण्याचा मार्ग नसे. १८४४ च्या सुमारास उपमान नांवाच्या जर्मन कुटुंबानें हवानांत पेढी व सिगारचा कारखाना काढला. पेढीच्या गिऱ्हाइकांस नजराणा म्हणून नांव छापलेल्या सीडरच्या लहान पेट्यांतून सिगार देण्याची कल्पना त्यांचीच, असें त्या धंद्यांत परंपरेनें सांगतात. कल्पना कोणाचीहि असो, ती सर्वांनीं उचलली. पेटीच्या आंत, बाहेर, कडांवर शिळाछापाचे रंगीत सोनेरी कागद आले. पदकें, मुकुट, सुंदऱ्या आल्या. १८८९ सालीं हवानाच्या मालाची खूण म्हणून सरकारी हमीचा कागद पेटीवर डकवण्याचें ठरलें. उत्तर अमेरिकेंत यादवी युद्धाच्या खर्चासाठीं सिगारवर कर बसला. तो मोजून घेतां यावा म्हणून ठराविक संख्येच्या पेट्या व त्यांवर कराचें तिकीट असा कायदा झाला, आणि रिकामी पेटी पुन्हां सिगारसाठीं वापरूं नये अशी ताकीदच तिच्या बुडाशीं छापली जाऊं लागली. म्हणूनच त्या पेट्या लोकांच्या घरांत दुसऱ्या कामीं लागल्या. गरिबांनीं तिला दांडी व तारा लावून वाजविण्याचें वाद्य केलें. आमच्या घरीं तिचा दौतटांकाचा डबा झाला.

तेव्हां माझें मत असें झालें आहे कीं, ही पेटी सुगंधासाठीं किंवा मुरविण्यासाठीं मुळांत निघालीच नाहीं. ती मोजण्यासाठीं, मोहोर करण्यासाठीं आणि नांव मिरविण्यासाठीं निघाली. लांकूड सेद्रोचें वापरलें, कारण तें हाताशीं होतें, पातळ फळ्यांत चिरतां येत होतें, व वाळल्यावर फारसें वांकत नव्हतें. पेटींत ठेवलेला माल कांहीं वर्षांनीं अधिक चांगला लागतो हा शोध गिऱ्हाइकांना मागाहून लागला. आणि मग त्याचें सगळें श्रेय लांकडानें घेतलें.

ज्या हातांनीं हा माल वळला त्यांना यांतलें कांहींच मिळालें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत हवानाच्या कारखान्यांतून स्वतंत्र कारागिरांबरोबर गुलामहि बसत, आणि करारानें बांधून आणलेले चिनी मजूरहि बसत. क्यूबांतील गुलामगिरी १८८६ सालीं उठली. त्यांतल्या त्यांत एक गोष्ट मात्र या लोकांनीं स्वतः मिळविली. १८६५ सालीं ‘एल फीगारो’ या कारखान्यांत, कामगारांनीं आपल्या मजुरींतून पैसे देऊन, कामाच्या वेळीं मोठ्यानें वाचून दाखविणारा वाचक नेमला. पुढच्याच वर्षीं सरकारनें ही वाचनें बंद केलीं, यावरून त्यांत केवळ करमणूक नव्हती हें उघड आहे. पण चाल मेली नाहीं. आजहि क्यूबाच्या कारखान्यांत वर्तमानपत्रें व कादंबऱ्या वाचल्या जातात. १९३५ सालीं निघालेल्या एका प्रसिद्ध सिगारचें ‘मोंतेक्रिस्तो’ हें नांव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलें तें याच श्रवणभक्तीमुळें, अशी तेथें समजूत आहे.

आतां मुरण्याविषयीं. नवा तांदूळ चिकट होतो आणि जुना मोकळा शिजतो हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. तंबाखूचें पान तोडल्यावर वाळवितात, मग त्याचे ढीग रचतात. ढिगांत उष्णता उत्पन्न होते, पान आंबतें, आणि त्यांतून अमोनियाचा झोंबरा वायु निघून जातो. वळतांना पान मऊ राहावें म्हणून तें पुन्हां ओलसर करावें लागतें. म्हणून ताजी वळलेली सिगार दमट असते. ती कारखान्यांतच सीडरच्या कपाटांत कांहीं काळ विसावते आणि मग पेटींत जाते. पण आंबण्याची क्रिया पूर्णपणें थांबलेली नसते. ती पुढें वर्षानुवर्षें अगदीं मंदपणें चालते; पानाचा तिखटपणा उतरतो, निरनिराळ्या पानांचे वास एकमेकांत मिसळतात, आणि त्यांत लांकडाचाहि थोडा वास उतरतो. फार वर्षें गेलीं तर सगळाच वास उडून जातो. मुरांब्याची मुदत असते तशी हिचीहि असते.

या सर्व काळांत तिला हवेचा ओलावा सम लागतो. जाणकार तो शेंकडा ६५ ते ७० आणि उष्णता सुमारें १८ अंश ठेवतात. याहून कोरडी हवा लागली कीं पान भुकटीसारखें होतें व जळतांना तडतडतें. याहून ओली लागली कीं फुगून वरचें पान फाटतें, बुरशी येते. वैशाखांतल्या पुण्यांत आणि आषाढांतल्या रत्नागिरींत ती एकाच पेटींत कशी निभावेल याचा विचार वाचकांनींच करावा! लांकडाचें खरें काम येथें आहे. सेद्रोचें कोरें लांकूड, रोगण न लावलेलें, हवेंतली ओल पिऊन घेतें आणि हवा सुकली कीं ती परत देतें. तें स्वतः ओल उत्पन्न करीत नाहीं. फक्त चढउतार आपल्या अंगावर घेतें. म्हणूनच नव्या पेटींत एकदम सिगार ठेवल्यास कोरडें लांकूड त्यांचीच ओल शोषून घेतें, आणि म्हणून कांहीं दिवस आधीं आंत ओलें फडकें किंवा पाण्याची वाटी ठेवून पेटीला पाणी पाजावें लागतें. घरगुती साठवणीचें सारें शास्त्र एवढेंच आहे.

मग किडीचें काय? सीडरच्या वासानें कीड लागत नाहीं ही या पेटीची सर्वांत मोठी कीर्ति. तंबाखूस लागणारा किडा तांबूस, तिळाएवढा भुंगेरा आहे. आपल्या मसाल्याच्या डब्यांत, हळदींत, मिरच्यांत जो टोके पाडतो त्यांत हाहि असतो. निकोटीनसारखें विष जो पचवितो त्याला लांकडाच्या सुवासाचें भय तें किती! पेटीचें लांकूड पोखरून तो बाहेर पडल्याचीं उदाहरणें आहेत. त्याचीं अंडीं पानांतच असतात. उष्णता २४-२५ अंशांच्या वर गेली कीं तीं फुटूं लागतात. म्हणून आतां कारखानेच माल बाहेर धाडण्यापूर्वीं तो गोठवून काढतात. लांकडावर विश्वास ठेवून शांत बसणाराचें कपाट चाळण होतें. आजीचा पाला येथें पुढें सरतो. निंबाच्या कडूपणांत किड्याची भूक व वाढ रोखणारें द्रव्य खरोखरच आहे, आणि चुलत भावाला त्या मानानें नुसतें चांगलें नांवच मिळालेलें आहे.

मुरविण्याचा शोक वाढला तो इंग्लंडांत. थंड आणि दमट हवा तेथें फुकट होती, आणि जुन्या मद्याचीं तळघरें राखण्याची संवयहि होती. लंडनचे व्यापारी हवानाचा माल आणून वर्षानुवर्षें ठेवीत, व बड्या गिऱ्हाइकांचीं स्वतंत्र कपाटें दुकानांतच असत. १९४१ च्या एप्रिलांत जर्मन बाँबनें डनहिलचें दुकान उध्वस्त झालें, तेव्हां पहाटे दोनच्या सुमारास दुकानाच्या व्यवस्थापकानें पंतप्रधान चर्चिल यांना फोन करून त्यांच्या सिगार सुरक्षित असल्याचें कळविलें, अशी आख्यायिका आहे. शहर जळत असतां अशी वर्दी द्यावीशी वाटणें याला निष्ठा म्हणावें कीं आणखी कांहीं, हें मला ठरवितां येत नाहीं. युरोपखंडांत जिनीव्हाच्या झिनो डाव्हिडॉफनें तरुणपणीं दक्षिण अमेरिका व क्यूबा येथें राहून हा धंदा शिकून घेतला व परत येऊन बापाच्या दुकानाखालीं उष्णता आणि ओल राखलेलें तळघर केलें. टेबलावर ठेवावयाची, आंतून सीडर लावलेली पेटी घरोघर गेली ती यापुढच्या काळांत.

आपल्या देशाचा या कथेशीं एक खरा धागा आहे, आणि तो तमिळनाडूंतून येतो. तमिळमधील ‘शुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, यावरून आपला ‘चिरूट’ शब्द आला. त्रिचनापल्लीचे चिरूट व्हिक्टोरिया राणीच्या काळीं इंग्लंडांत इतके परिचित होते कीं १८८७ सालीं कॉनन डॉईलनें शेरलॉक होम्सला पहिल्याच कथेंत नुसत्या राखेवरून तो ओळखावयास लावलें. दिंडिगलच्या सिगारहि नांवाजलेल्या. आणि या मालाच्या पेट्यांना लांकूड कोणतें? सह्याद्रींतहि आढळणारी तूण. तिचेंहि लांकूड तांबूस व सुवासिक. चहाच्या पेट्याहि तिच्याच होत. कलकत्त्याच्या बागेचे रॉक्सबर्ग यांनीं तिला सीड्रेलाच्याच कुलांत बसविलें होतें; १८४६ सालीं रोमर यांनीं तिचें घर वेगळें मांडून दिलें. म्हणजे हवानाची पेटी आणि दिंडिगलची पेटी या चुलत बहिणीच होत.

क्यूबांतील कारखाने १९६० सालीं सरकारजमा झाले. १९६२ च्या फेब्रुवारींत अध्यक्ष केनेडी यांनीं क्यूबाच्या सर्व मालास अमेरिकेंत बंदी केली. सही करण्यापूर्वीं त्यांनीं आपले वृत्तसचिव पिअर सॅलिंजर यांना वॉशिंग्टनभर पाठवून आपल्या आवडीच्या सिगार गोळा करविल्या. बाराशें मिळाल्याचें ऐकल्यावर मग लेखणी उचलली, असें सॅलिंजर यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे. त्या उपमानच्या होत्या. ज्या घराण्याच्या नांवावर पहिल्या पेटीची कथा सांगतात तेंच हें नांव. आदल्याच वर्षीं मिल्टन बर्ल या विनोदी नटानें केनेडींना अक्रोडाच्या लांकडाची एक सिगारपेटी भेट दिली होती. ती १९९६ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत ५,७४,५०० डॉलरला गेली. सिगारची गोष्ट निराळी. तोंडाचा, घशाचा व फुफ्फुसाचा कर्करोग तिच्यानें होतो ही गोष्ट आतां वादाची राहिलेली नाहीं, आणि कितीहि वर्षें मुरविली तरी हा गुण तिच्यांतून जात नाहीं.

झाडाची हकीकत राहिली. पेट्या, फर्निचर आणि दरवाजे यांसाठीं तें इतकें तोडलें गेलें कीं २०१९ सालीं राष्ट्रांराष्ट्रांतील करारान्वयें अमेरिकाखंडांतील सीड्रेलाच्या सगळ्या कुलाचा व्यापार नियंत्रणाखालीं आणण्यांत आला. लागवड करावी तर एका पतंगाची अळी कोंवळा शेंडा पोखरते, झाड फुटून झुडूप होतें, आणि पेटीजोगी सरळ फळी निघत नाहीं. ज्या लांकडानें किड्यांपासून दुसऱ्याचें रक्षण करावें अशी ख्याति, त्याचें स्वतःचें हें असें. गंमत अशी कीं आपली तूण तेथें नेऊन लावली असतां त्या अळीला ती बाधत नाहीं, मात्र आपल्याकडे तिच्याच जातीची दुसरी अळी तुणीला सोडीत नाहीं. आणि पॅसिफिक महासागरांतल्या गालापागोस बेटांवर वसाहतवाल्यांनीं लांकडासाठीं हेंच सीड्रेला नेऊन लाविलें, तेथें तें इतकें माजलें आहे कीं मूळच्या झाडांना जागा उरेना म्हणून तें आतां मुद्दाम तोडावें लागतें.